दोन डोळे आणि भिंतींविना तुरुंग

माणदेशातील आटपाडी तालुक्यात स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तेथे भिंतींविना तुरुंग वसविला. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाचे बीज याच प्रयोगात आहे. कथा माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांची. पळू पाहणाऱ्या सहा खुनी कैद्यांना जेलरचे डोळे रोखतात. त्याच्या मृत्यूनंतरही ती नजर उरते. सदसद्विवेकाला असे दृश्य रूप देणे हे चित्रपटाचे सामर्थ्य होय. दोषही तेथेच आहे. स्वतंत्रपुरात कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. पडद्यावर ती व्यवस्था मागे पडते आणि घरसंसाराने, श्रमाने जे साधले त्याचे श्रेय एका महात्म्याच्या अलौकिक नजरेला मिळते. सुधारणा चमत्कार ठरली की ती पुन्हा करून पाहण्याची जबाबदारी टळते. म्हणून हा चित्रपट स्वतंत्रपुराच्या इतिहासासोबतच शिकवावा, असे आम्हांस वाटते.