वाकलेल्या वाटेची साक्ष

रायगडच्या किनाऱ्यावरून आमचे तांडेल आणि खलाशी होकायंत्राच्या भरवशावर दर्यात उतरत आले. सुई कोण फिरवते ते दिसत नाही. पण तिच्या फिरण्यावरून ती शक्ती ओळखता येते. याच शक्तीची मोजदाद करणारी वेधशाळा अलिबागला १९०४ पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्या की कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांनी हे काम खाडीपलीकडे अलिबागला आणले.

आकाशाच्या अभ्यासकांनीही हीच रीत पत्करली. त्यांची सुई म्हणजे प्रकाशाचा किरण. जड वस्तूजवळून जाताना प्रकाशाची वाट वाकते, हे आइन्स्टाइनचे गणित २९ मे १९१९ च्या सूर्यग्रहणात पडताळले गेले. सूर्यालगतचे तारे आपल्या जागेपासून किंचित सरकलेले दिसले. पुढे १९७९ मध्ये एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा सापडल्या. मधल्या दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करीत होते. अशा भिंगांचे गणित १९८० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंह, सुब्रमणियन आणि चित्रे यांनी मांडले.

प्रकाश किती वाकला यावरून मधल्या वस्तुमानाचा हिशेब करता येतो. दीर्घिकांच्या समूहांचा असा हिशेब केला, तेव्हा दिसणारे तारे आणि वायू मिळूनही तो जुळेना. विश्वातील सुमारे ८५ टक्के द्रव्य अदृश्य आहे, असे आज मानले जाते. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचे बनले आहे, याचा उलगडा अजून झालेला नाही. ते कुठे आणि किती आहे, याची साक्ष मात्र वाकलेला प्रकाश देतो.

प्रकाशाचा विषय निघाला की आपल्या सभांतून इब्न अल-हैसमचे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्याने अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’मध्ये प्रयोगांनिशी मांडले. पण टॉलेमीसारख्या थोर पूर्वसूरींवर शंका घेणारा ग्रंथही त्याचाच. बुजुर्गांचा आदर राखावा आणि त्यांचे म्हणणे तपासूनही घ्यावे, ही त्याची शिकवण. नाव मिरवणे सोपे, शिकवण पाळणे कठीण. मुरूड-श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांपासून अलिबाग काही दूर नाही. इल्मचा वारसा नावाने मिळत नाही; शंका घेऊन मोजणाऱ्या हातांना तो मिळतो. ते हात आमच्या मुलामुलींचे असावेत.