परक्याच्या पेटींतील आपली नोंद

घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत आजकाल एक प्रश्न वरचेवर कानीं पडतो. रेशनच्या दुकानांतील यंत्रावर अंगठा टेकतांना, बँकेंत आधारचा क्रमांक सांगतांना, अथवा मोबाईलवर एखादें नवें ॲप घेऊन त्याच्या साऱ्या अटी मान्य असल्याचें कळवितांना मनुष्य क्षणभर थांबतो आणि विचारतो कीं, ही माहिती जाते कोठें, आणि ती पाहतो कोण? आमच्या सुशिक्षित वर्गास हा प्रश्न खेडवळ वाटतो. नव्या यंत्राची भीति, अज्ञान, जुन्यास चिकटून राहण्याची खोड, अशीं त्याचीं उत्तरें ठरलेलीं असतात. गंमत अशी कीं, हेंच म्हणणारे गृहस्थ आपण कोठेंही न मागितलेल्या कर्जाबद्दल दिवसांतून तीनदां फोन येऊं लागले, म्हणजे तोच प्रश्न इंग्रजींत विचारतात.

यंत्राच्या भीतीचें कारण तर या भागास मुळींच लागू पडत नाहीं. उपग्रहाच्या द्वारें परदेशांशीं दळणवळण करणारें या देशांतील पहिलें व्यापारी भूकेंद्र १९७१ सालीं नारायणगांवाजवळ आर्वी येथेंच उभें राहिलें. खोडदची रेडिओ-दुर्बीण तर जगप्रसिद्ध आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून साकार झालेल्या या दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत द्राक्षमळ्यांच्या व उंसाच्या शेजारीं आकाशाकडे कान लावून बसल्या आहेत. बाजारभाव मोबाईलवर पाहून टोमॅटोची गाडी भरणाऱ्या शेतकऱ्यास यंत्राचें वावडें आहे, असें कोण म्हणेल? त्याची शंका यंत्राविषयीं नाहीं. ती नोंदीविषयीं आहे. आणि नोंदीविषयींच्या शंकेस या मुलखांत फार जुना व पुष्कळसा कडू असा इतिहास आहे.

प्रारंभ मात्र कडू नव्हता. जुन्नरच्या भोंवतालीं जीं लेणीं आहेत, त्यांतील दोन हजार वर्षांच्या आसपासच्या शिलालेखांत देवघेवीच्या नोंदी सांपडतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें खोदवून दिलेलें लेणें आणि पाण्याचें टांकें, बांबूचें काम करणाऱ्यांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी, आपणांस यवन म्हणविणाऱ्या दात्यांचीं दानें, हें सारें डोंगराच्या अंगावर कोरलेलें आहे. ठेव कोणाची, ठेवली कोणाकडे व तिचा लाभ कोणास, हें ठेवणारा आणि घेणारा दोघांच्याही डोळ्यांसमोर उघडें असे. तें सर्वांस वाचतां येत असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका पक्षानें तें रात्रींतून बदलावें, अशी सोय तेथें नव्हती.

मराठेशाहींत कागद आला, तरी त्याला चार माणसांची साक्ष लागे. महजरावर गांवचे लोक आपापल्या धंद्याच्या हत्याराचें चित्र काढून निशाणी करीत. कुणब्याचा नांगर आणि कुळकर्ण्याची लेखणी अशा जुन्या कागदांवर जवळजवळ उमटलेल्या दिसतात. लेखणीवाल्यास जें लिहितां येई, तें नांगरवाल्यास वाचतां येत नसे, हें खरेंच. पण कागद चार पंचांच्या देखत वाचून दाखविला जाई, आणि खोटें लिहिणाऱ्यास त्याच पंचांत पुढेंही बसावयाचें असे.

इंग्रजी अंमलाबरोबर ही व्यवस्था बदलली. कागदाची साक्ष आतां गांवचे लोक देईनात. ती स्टँपाच्या कागदावरील मजकूर देऊं लागला, आणि न्याय दूरच्या दिवाणी कोर्टांत गेला. त्या कोर्टापुढें खतांत लिहिलेलें तेवढेंच खरें. खत कसें लिहिलें जाई, हें थोडें तपशिलानें पाहणें अवश्य आहे. कारण सारी मेख तेथेंच होती. सावकार शंभराचें खत लिहून घेई, पण मनोती म्हणून कांहीं रक्कम आधींच कापून घेऊन उरलेली कुळाच्या हातीं देई. खत एकच असे व तें सावकाराच्या पेटींत राही. वही सावकाराची, लिहिणारा सावकाराचा. कुळानें धान्य घातलें, गुळाच्या ढेपा आणून टाकल्या, चार रुपये रोख दिले, तर तें जमेस धरलें कीं नाहीं, हें फक्त त्या वहीस ठाऊक. पावती मिळण्याची रीत नव्हती.

यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें भर घातली. साध्या खतावर तीन वर्षांच्या आंत फिर्याद केली पाहिजे, असा त्याचा नियम होता. हेतु कुळाचें रक्षण करण्याचा; परिणाम उलटा. तीन वर्षें भरत आलीं, कीं सावकार व्याज मुदलांत मिळवून नवें खत मागे. उदाहरणादाखल शेंकडा दरमहा दोन रुपये व्याज धरा. शंभराचे तीन वर्षांत १७२ होतात. नवें खत १७२ चें झालें, म्हणजे सहा वर्षांअखेर २९६ च्या घरांत, आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस ५०९ च्या आसपास. कुळाच्या हातीं मूळचे शंभरही पडलेले नसत. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें कापूस महागला, तेव्हां पत वाढून कर्जें सहज मिळालीं. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि खतें मात्र पेटींत वाढत राहिलीं. फिर्याद झाली, तरी तालुक्याच्या कोर्टापर्यंत जाण्याचें बळ नसल्यामुळें कूळ हजर होत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. आपण किती देणें लागतों, हें पुष्कळांस जमिनीवर जप्ती आल्यावर प्रथम कळे.

जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यांत कोळी समाजाची वस्ती मोठी. तेथें ही गोष्ट शस्त्रावर गेली. त्या काळच्या सरकारी कागदांत जुन्नरकडील म्हणून नोंदलेल्या व आज आंबेगांव तालुक्यांत मोडणाऱ्या जांभोरी गांवच्या होन्या भागोजी केंगले यानें १८७३ सालीं लोक जमवून सावकारांवर छापे घालण्यास सुरुवात केली. पुणें, नगर व ठाणें या जिल्ह्यांच्या पश्चिम भागांत तीन वर्षें त्याचा दरारा होता. कित्येक सावकारांचीं नाकें कापलीं गेलीं. हें क्रौर्य आहे, आणि त्याला दुसरें नांव देण्याची आमची इच्छा नाहीं. १८७६ सालीं मेजर डॅनियल यानें त्याला पकडलें. परंतु डोंगरी लोकांस सावकार सर्रास फसवीत व नाडीत, आणि त्यामुळेंच ते अधूनमधून गुन्ह्याकडे ढकलले जात, हें कबूल करण्यास इंग्रजांच्या गॅझेटिअरासही कमीपणा वाटला नाहीं.

याच सुमारास, १२ मे १८७५ रोजीं, भीमथडींतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं तो प्रसिद्ध दंगा झाला आणि पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्याला आढळलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. दंगेखोरांचा रोख खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. जेथें सावकारानें ते कागद निमूटपणें हवालीं केले, तेथें बहुधा पुढें कांहीं झालें नाहीं. जेथें नाकारले, तेथें मारहाण व जाळपोळ झाली. लुटीच्या हांवेनें आलेला जमाव कागद घेऊन घरीं जात नाहीं. इंग्लंडांत १३८१ च्या बंडांत शेतकऱ्यांनीं जमीनदारांचीं दफ्तरें जाळलीं, आणि फ्रान्समध्यें १७८९ च्या उन्हाळ्यांत गढ्यागढ्यांतून वेठीच्या व हक्कांच्या नोंदवह्या बाहेर ओढून त्यांच्या होळ्या झाल्या. भाषा, धर्म, राज्यपद्धति सारें भिन्न. पण ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें नेमका कागदच ओळखून जाळावा, हें तिन्ही ठिकाणीं सारखें. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा. आपल्या आयुष्याचा हिशेब कोणत्या पेटींत आहे, हें त्याला पुरतें ठाऊक होतें.

या दंग्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचे कर्जनिवारणाचा कायदा निघाला. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यानें न्यायाधिशास खताच्या पाठीमागें जाऊन मूळ देवघेवीचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. गांवोगांवच्या व्यवहारासाठीं नोंदणी कामगार नेमण्याची तरतूद केली. आणि आमच्या दृष्टीनें याहूनही महत्त्वाचें म्हणजे, दिलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा, व मागितल्यास नोंद करून मिळणारें खातेपुस्तक, हे कुळाचे हक्क ठरविले. पेटी सावकाराची असो, पण तींतील आपल्या नोंदीची प्रत आपल्या हातीं असावी, हें तत्त्व कायद्यांत प्रथम अशा रीतीनें आलें. तें कोणा तत्त्वज्ञानें सुचविलेलें नव्हतें. ज्या संशयाला अज्ञान म्हणत, त्याच संशयानें तें सरकारकडून काढून घेतलें.

कायद्याचें पुढें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. पुढच्या हंगामाचें बीं ज्याच्याकडून आणावयाचें, त्याच्यापुढें उभें राहून खातेपुस्तक मागण्याची छाती कितीजणांस होणार? सावकारांनीं तर कागदाचा प्रकारच बदलला. गहाणखताऐवजीं ते सरळ खरेदीखत लिहून घेऊं लागले. पैसे फिटले म्हणजे जमीन परत देऊं, हा करार तोंडी. कोर्टास खरेदीखताच्या पाठीमागें पाहतां यावें, म्हणून कायद्यास पुढें दुरुस्ती करावी लागली. माल तोच ठेवून वेष्टन बदलण्याची ही युक्ति आजच्या व्यापाऱ्यांनीं शोधून काढली, असा कोणाचा समज असल्यास तो सोडून द्यावा.

आतां अंगठ्याकडे वळूं. हाताच्या ठशाचा करारांत उपयोग करण्याचा अर्वाचीन प्रयोग हिंदुस्थानांतच झाला. बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शल या मुलकी अधिकाऱ्यानें १८५८ सालीं राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीच्या करारावर सबंध पंजाचा ठसा घेतला. उद्देश हा कीं, उद्यां त्यानें ‘ही सही माझी नव्हे’ असें म्हणूं नये. म्हणजे या विद्येच्या मुळाशींच अविश्वास आहे. फक्त तो वरच्यानें खालच्याविषयीं बाळगलेला अविश्वास आहे. त्याला शास्त्र म्हणतात. खालच्यानें तोच उलट बाळगला, कीं त्याला अडाणीपणा म्हणावयाचें, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें देण्यांत आला. तेव्हांपासून रेशन, बँक आणि शेतकऱ्याचा ओळख क्रमांक यांचें जाळें विणलें गेलें आहे. त्याच्या सोयी खऱ्या आहेत. सातबाराच्या एका उताऱ्यासाठीं चावडीचे हेलपाटे घातलेल्या माणसास घरबसल्या उतारा मिळाल्याचें मोल आम्ही सांगावयास नको. परंतु खुरप्यानें व विळ्यानें झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्रास ओळखूं येत नाहींत, ही तक्रार देशभर आहे. पूर्वी कुणबी नांगर काढून आपली ओळख देई. आतां नांगरानेंच त्याची ओळख पुसली जाते. यंत्र ‘नाहीं’ म्हणालें, म्हणजे दाद कोठें मागावयाची, हें दुकानदारही सांगूं शकत नाहीं.

शहरांतही निराळें नाहीं. आगाऊ पैसे भरावयाच्या स्मार्ट वीजमीटरांस महाराष्ट्रांतील ग्राहकांनीं इतका विरोध केला कीं, सामान्य ग्राहकांकडे ते बसविणार नाहीं, असें सरकारला जून २०२४ मध्यें जाहीर करावें लागलें. विरोधाचा मुख्य रोख बिलावर होता, हें आम्ही जाणतों. पण मोजणारें यंत्र कंपनीचें, आंकडा कंपनीचा, आणि चूक सिद्ध करण्याचा भार मात्र आपला, ही त्यामागील जाणीव सावकाराच्या वहीपुढें बसलेल्या कुळाचीच होती.

या शंकेस ‘प्रायव्हसी’ हा इंग्रजी शब्द आम्ही लावतों खरा, पण तो नीट बसत नाहीं. खेड्यांत कोणाची किती जमीन, कोणावर किती कर्ज, कोणाच्या मुलीचें कोठें जमलें, हें सर्वांस ठाऊक असतें. गुप्ततेचा तेथें फारसा आग्रह नाहीं. मात्र शेजाऱ्यास माझें जितकें माहीत, तितकेंच मलाही त्याचें माहीत असतें. दूर कोठें तरी बसलेल्या कंपनीस माझें पीक, माझी उधारी, माझें येणेंजाणें सारें कळावें, आणि तिच्या वहींत माझ्याविषयीं काय लिहिलें आहे, याचा मला पत्ता नसावा, हा एकतर्फी प्रकार त्याला खुपतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधिशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांत आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करवून घेण्याचा व पुसून टाकविण्याचा हक्क आहे. १८७९ च्या पावतीचा व खातेपुस्तकाचा हा वंशजच म्हणावयाचा.

संमति मागणारी सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत वाचण्याची सोय असली पाहिजे, असें हा कायदा सांगतो. त्या भाषांत मराठी आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अमलांत येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली. इकडे मंचरच्या अथवा ओतूरच्या बाजारांत मोबाईल घेणारा मनुष्य तो दुकानांतच सुरू करून मागतो. दुकानदार भराभर इंग्रजी पानें पुढें सरकवितो, आणि ‘मान्य आहे’ हें बटण बहुधा तोच दाबून फोन गिऱ्हाइकाच्या हातांत देतो.