तंबू खाणारी बुरशी

ऊसतोडीनंतर पाचट पेटवलेलं पाहिलं की मला कुजलेले तंबू आठवतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचं सुती कापड बुरशी खाऊन टाकत होती. तिला आवरण्यासाठी सुरू झालेल्या संशोधनातूनच एल्विन रीस आणि मेरी मँडल्स पुढे तिला मुद्दाम वाढवू लागले. कारण तिचं सेल्युलेज हे एन्झाईम सेल्युलोजची साखर करत होतं. 1977 साली त्या बुरशीला रीस यांचंच नाव मिळालं: ट्रायकोडर्मा रीसाय.

पाचटात मात्र लिग्निनही असतं, आणि महागडं एन्झाईम त्यालाच चिकटून वाया जातं. 1981 मध्ये कास्टानोन आणि विल्की यांनी वर्तमानपत्राच्या रद्दीत एन्झाईमबरोबर ट्वीन 80 घातलं, तर साखर जास्त निघाली. ट्वीन म्हणजे साबणासारखं काम करणारं रसायन, सरफॅक्टंट. आईस्क्रीमच्या डब्यावर 433 हा आकडा असतो ना, तेच. (त्यातली चरबी वनस्पतीची की प्राण्याची, म्हणून आपण डबा उलटून बघतो!)

यामागचं कारण 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वाफवलेल्या स्प्रूस लाकडावर तपासलं. सरफॅक्टंट लिग्निनवरची जागा आधीच अडवतं. चिकटलेलं मुख्य एन्झाईम सुमारे 90 टक्क्यांवरून 80 वर आलं. फरक किरकोळ वाटतो. पण मोकळं एन्झाईम 10 चं 20 झालं, म्हणजे दुप्पट. अर्थात ट्वीनही फुकट मिळत नाही, आणि पाचट पेटवायला एक काडी पुरते.