सेमाडोह, भूमका आणि 'टेन्शन'

सेमाडोह म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला आठवते ती सिपना नदी, वाघ (जो दिसत नाही) आणि वन खात्याचं पर्यटन संकुल. या वीकांताला माझ्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न होता. इथल्या एखाद्या घरात कोणी पंधरा दिवस झोपलं नाही, जेवलं नाही, एकटंच बडबडत बसलं, तर घरचे आधी कोणाकडे जातात?

महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यातलं जवळचं नागपूर, रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या पुढे. तिकडे आधी कोण जाणार? कोरकू घरातली माणसं जातात भूमकाकडे, नाहीतर ज्याच्या अंगात येतं त्या पडियाराकडे. आपण शहरात बसून याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण भूमका गावातच राहतो, कोरकू बोलतो आणि रात्री दोनलाही दार उघडतो. असा सपोर्ट आमच्या कंपनीलाही जमत नाही :)

डॉक्टर लांब आणि आजारी माणूस गावात, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९७५ च्या सुमारास चंदीगडच्या पीजीआयने हरियाणातल्या रायपूर रानी भागात आणि बंगलोरच्या निम्हान्सने साकलवाड्यात, प्राथमिक केंद्रातल्या साध्या कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवून पाहिलं. त्यातूनच १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, आणि १९९६ पासून त्याची जिल्हा आवृत्ती. कागदावर उत्तम! पण शिकवलं जात होतं ते मुख्यतः सरकारी नोकराला. शेजाऱ्याला शिकवायची कल्पना रुजायला आणखी बराच वेळ गेला.

ती वऱ्हाडात आली शेतकरी आत्महत्यांच्या सावलीत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. पूर्ण इंग्रजी नावात विदर्भ, ताण आणि आरोग्य हे तीनच शब्द, आजाराचं नावच नाही! मला ही हुशारी वाटते. कारण "तुला मानसिक आजार आहे" म्हटलं की वऱ्हाडातला माणूस उठून जाईल, पण "टेन्शन हाय का भाऊ?" विचारलं तर बसेल आणि बोलेल. रचना तीन पायऱ्यांची: गावातलीच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ती, तिच्यावर डॉक्टर नसलेला समुपदेशक, आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञ. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात २७.२ टक्के झाले. आता इंजिनिअर म्हणून मला खटकतं की तुलनेला प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय बिनधास्त प्रकल्पाला देता येत नाही. तरीही चारावरून सत्तावीस म्हणजे गंमत नाही.

पण मेळघाटात हे जसंच्या तसं कॉपी-पेस्ट होणार नाही. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, मुंडा कुळातली भाषा आहे. तिथे 'टेन्शन'च्या जागी कोणता शब्द, हे गावातल्याच माणसाला विचारावं लागेल. शिवाय भूमकाला बाजूला ठेवून चालणार नाही.

त्याला हटवावं की शिकवावं? तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. त्यानंतर अशा जागा बंद करा, अशी मागणी होणं साहजिकच होतं. गुजरातमध्ये मात्र उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००७-०८ च्या सुमारास 'दवा-दुआ' सुरू झालं. तिथे मुजावरांनाच लक्षणं ओळखायला शिकवलं. दुआ त्यांनी करायची आणि पेशंटला तिथल्याच डॉक्टरकडे पाठवायचं. साखळ्या मात्र बिलकुल चालायच्या नाहीत. मला दुसरा रस्ता पटतो. एरवाडीसारखी जागा बंद करायलाच हवी, पण भूमका म्हणजे जागा नाही, शेजारी आहे. त्याच्याकडे जाणं कायद्याने थांबत नसतं.

ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन आहे, आणि रेंज असेल तिथे ती उपयोगी आहेच. पण जो माणूस बोलायचंच बंद झालाय, तो फोन कसा लावणार? त्याच्याकडे आधी कोणाचं तरी लक्ष जायला हवं.

'विश्राम'मध्ये तिसऱ्या पायरीवर डॉक्टर होता, हे विसरू नये. समजा भूमका शिकला आणि त्याने पेशंटला सेमाडोहच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, आणि तिथे मनोविकाराच्या गोळ्याच नाहीत. पेशंट हात हलवत परत येणार. पुढच्या वेळी भूमका कशाला पाठवेल?