पार्ल्याची पोटनिवडणूक आणि शब्दांचा न्याय

भाषणस्वातंत्र्य आणि मुस्लिम अल्पसंख्याकांचे संरक्षण यांतील तोल हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तत्त्वचर्चेच्या पातळीवर मांडला जातो. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत मात्र त्याला स्थळे आहेत, तारखा आहेत आणि निकालपत्रेही आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी ती वाचावीत असे आम्हांला वाटते. कारण त्यांतील मूळ वाद शब्द कसा वाचावा हाच आहे.

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू निवडून आले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे पराभूत झाले. प्रचारातील तीन सभांत बाळासाहेब ठाकरे यांनी हिंदू धर्माच्या नावाने मते मागितली, असा आक्षेप घेऊन कुंटे न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील संबंधित कलम भाषणस्वातंत्र्यावर घाला घालते, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. पुढे १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरे यांचा मताधिकार, निकालाच्या दिवसापासून मोजून, सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. हिंदुत्व म्हणजे जीवनपद्धती, या विवेचनामुळे हा निकाल गाजला. त्याच निकालाने ती भाषणे मात्र दोषी ठरवली, हे सहसा सांगितले जात नाही.

आता याच्याशेजारी दुसरे प्रकरण ठेवून पाहावे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. त्या काळातील 'सामना'च्या अग्रलेखांवरून खटला भरण्याचा आदेश सरकारला द्यावा, अशी याचिका राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर यांनी केली. उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ती फेटाळली. लेख समग्र वाचले पाहिजेत, त्यांचा रोख राष्ट्रविरोधी मुस्लिमांवर आहे, संपूर्ण समाजावर नाही, असे हे वाचन होते. जुलै २००० मध्ये ठाकरे यांना अटक झाली, पण मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण निकाली काढले.

एकाच नेत्याच्या शब्दांना दोन न्याय का मिळाले? आमच्या मते उत्तराचा मोठा भाग किल्ली कोणाच्या हाती होती यात आहे. निवडणूक याचिका पराभूत उमेदवार किंवा साधा मतदार करू शकतो. द्वेष पसरवण्याच्या गुन्ह्याचा खटला मात्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय उभा राहत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही ही अट आहे. दुसरी गोष्ट अशी की, पार्ल्यात न्यायालयाने निवडणुकीची शुचिता राखली. ज्यांच्याविषयी ते बोलणे होते ते मुस्लिम रहिवासी त्या वादात पक्षकारच नव्हते. त्यांना जे संरक्षण मिळाले ते आडवाटेने, आणि तेही आठ वर्षांनी.

मग निर्बंध अधिक रुंद करावेत काय? येथे शेजारच्याच सांताक्रूझचा दाखला उपयोगी पडतो. तेथील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणेही भ्रष्ट आचार होय. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्तींची चिंता रास्त होती: धर्मामुळे वा जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय होतो, त्यांनी तो अन्याय धर्माचे किंवा जातीचे नाव न घेता कसा मांडावा? मुस्लिम म्हणून घर नाकारले गेले, हे सांगताना 'मुस्लिम' हा शब्द वगळता येत नाही. ढाल म्हणून घडवलेले कलम अशा वेळी रक्षितांच्याच तोंडावर हात ठेवू शकते.

म्हणून केवळ शब्दाकडे पाहून तोल साधणार नाही. कोण बोलतो, कोणाविषयी, कोणासमोर आणि कोणते बळ पाठीशी घेऊन, हे प्रश्न कवितेला आपण नेहमी विचारतो. सभेतल्या भाषणाला आणि अग्रलेखाला ते विचारण्याचे शिक्षणही मराठीच्या वर्गातच मिळायला हवे.