डांबराची वकिली

आमचं ऑफिस तांजोंग पगारला आहे असं पुण्यात कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "ते ठीक आहे, पण पगार किती?" मलय भाषेत तांजोंग म्हणजे भूशिर आणि पगार म्हणजे कुंपण. आता इथून ना भूशिर दिसतं ना कुंपण. शेजारच्या टेकड्या फोडून त्या मातीने खाडी बुजवली आणि समुद्र लांब ढकलला. १८६४ साली इथे गोदीची कंपनी निघाली, तेव्हापासून या भागाचं सगळं नशीब वाहतुकीशी बांधलेलं आहे.

परवा रात्री अकराच्या पुढे ऑफिसातून निघालो तर रस्त्याचं काम चालू होतं. जुना थर खरवडून काढलेला, ताडपत्री घातलेले डंपर रांगेत उभे, पेव्हर संथपणे पुढे सरकतोय आणि मागून रोलर. गरम डांबराचा तो वास नाकात गेला की मी लहानपणीच्या मे महिन्यात जाऊन पोचतो. असो. मी थांबलो तो वासामुळे नाही. पंचविशीतला एक इंजिनियर प्रत्येक डंपरच्या मालात थर्मामीटर खुपसून बघत होता. एका डंपरपाशी त्याने मान हलवली. ड्रायव्हर काहीतरी बोलला. पोराने परत मान हलवली. डंपर वळला आणि माल घेऊन आला तसा निघून गेला. आवाज नाही, भांडण नाही.

मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. त्याचं कारण सांगायला हवं.

१९९० साली मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी रस्त्याच्या कामावर होतो. नुकताच पास झालेलो. काम रखडत रखडत जूनवर आलं, आभाळ भरून आलेलं, आणि डांबर-खडीचा माल लांबून येईपर्यंत निवून गेलेला. हा माल दीडशे अंशांच्या आसपास तयार होतो आणि गरम असतानाच दाबावा लागतो. माझ्या थर्मामीटरवर ऐंशीसुद्धा धड नव्हते. थंड माल रोलरखाली दबत नाही, नुसता चपटा दिसतो. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहूनही आलो होतो. तरी माल पडला, रोलर फिरला आणि मोजमाप वहीत मी सही केली. गणपतीपर्यंत रस्त्याची खडी वर आली. गावातले एक मास्तर सायकलवरून पडले, हात मोडला. बाजारात भेटले तेव्हा गळ्यात हात अडकवलेला. म्हणाले, "रस्ता तुम्हीच केलात ना साहेब?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तर प्रश्न असा पडला, की इथल्या पोराला डंपर परत पाठवायचं बळ येतं कुठून? स्वभावातून थोडंफार येत असेल. पण बाकीचं मागे उभ्या असलेल्या आकड्यांतून येतं. इतक्या अंशांखाली माल घ्यायचा नाही, दाबल्यावर इतकीच पोकळी राहिली पाहिजे. हे आकडे कुणी ठरवले, ते शोधायला गेलं की आपण भलत्याच ठिकाणी पोचतो. ते ठिकाण म्हणजे डांबर विकणाऱ्यांच्या संघटना.

आधी या रस्त्याबद्दल दोन शब्द. सिंगापूरचे जुने रस्ते हिंदुस्थानी कैद्यांनी बांधले. १८२५ पासून १८७३ पर्यंत इथे बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातले कैदी जन्मठेपेवर येत होते. अंदमानची वसाहत १८५८ ची, म्हणजे त्याआधीपासून सिंगापूर हे आपलं काळं पाणी होतं! इथलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलसुद्धा त्यांच्याच हातचं. त्यांच्या मुरुमी रस्त्यांवरून गोदीचा माल बैलगाड्यांतून शहरात जाई. १८८० मध्ये हातरिक्षा आल्या, १९४७ मध्ये बंद झाल्या. त्यांची नोंदणी व्हायची ती रिक्षा स्टेशनची देखणी इमारत नील रोडच्या तिठ्यावर अजून उभी आहे. बैलाच्या खुराला आणि अनवाणी पायाला मुरूम चालतो. मोटारीच्या रबरी चाकाला नाही. ते चाक वाळू-माती शोषून घेतं आणि खडी मोकळी करतं. मोटार आली आणि जगभर वरचा थर बांधून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाची गरज पडली.

आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो त्यात दोन वस्तू आहेत. कोळशापासून निघतं ते मूळचं डांबर, आणि खनिज तेल गाळून तळाशी उरतं ते बिटुमेन. रस्त्यावर आज पडतं ते बहुतेक दुसरं. तेल कंपन्यांच्या दृष्टीने हा तळाचा गाळ, आणि गाळाला गिऱ्हाईक मिळवायचं तर वकिली करावी लागते. १९१९ साली अमेरिकेत ॲस्फाल्ट असोसिएशन निघाली, पुढे तिचं नाव ॲस्फाल्ट इन्स्टिट्यूट झालं. समोर प्रतिस्पर्धी तयारच होता, १९१६ ची पोर्टलँड सिमेंट असोसिएशन. १९५५ साली डांबरी माल तयार करून रस्ता घालणाऱ्या कंत्राटदारांनीही आपली राष्ट्रीय संघटना काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत महामार्गांचा प्रचंड कायदा झाला. डांबर की काँक्रीट, हा प्रश्न आता अब्जावधींचा होता.

आपल्याकडेही हा सामना झाला, पण वेगळ्या रीतीने. १९२७ साली मुंबईत सिमेंटवाल्यांनी काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया काढली. मरीन ड्राइव्हचा काँक्रीट रस्ता १९४० च्या आसपासचा. त्याच १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि तो रस्त्यांसाठी राखून ठेवला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस आली, १९४३ मध्ये नागपूरला देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरला. म्हणजे रस्त्यांचा विचार मराठी मुलखात कमी झाला असं नाही. फरक एवढाच की आपल्याकडे रस्त्याची अब्रू सरकारी इंजिनियरच्या गळ्यात पडली. कंत्राटदार बिल घेऊन मोकळा.

अमेरिकेतल्या संघटना वर्षभर करतात तरी काय? अधिवेशन भरवतात, खासदारांना भेटतात, काँक्रीटपेक्षा आम्ही कसे स्वस्त आणि शांत याची पत्रकं काढतात. यात साधुसंत कुणी नाही. पण नुसत्या पत्रकांवर भागत नाही, कारण समोरचा आकडे मागतो. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ दोन्ही प्रकारचे रस्ते बांधून त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले. आसांच्या ११ लाखांवर फेऱ्या झाल्या. त्यातून कळलं की आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याचं नुकसान सुमारे सोळा पट होतं. उसाचा जादा भरलेला ट्रक रस्त्याचं काय करतो, हे त्यावरून समजावं.

पुढे १९८६ मध्ये कंत्राटदारांच्या त्याच संघटनेने पैसा उभा करून ऑबर्न विद्यापीठात डांबर संशोधन केंद्र काढलं. तिथे बरीच वर्षं काम केलेले पृथ्वीसिंह कांधल हे राजस्थानातले. संघटनेच्या शिक्षणसंस्थेने काढलेल्या मोठ्या पाठ्यपुस्तकाचे ते एक लेखक. निवृत्त होऊन जयपूरला आल्यावर त्यांनी आपल्याकडच्या काही मिश्रणांवर नेमकं बोट ठेवलं. ही मिश्रणं धड बंद नाहीत की धड मोकळी नाहीत. घट्ट मिश्रणात पाणी शिरत नाही, मोकळ्यातून वाहून जातं. मधल्यात शिरतं आणि अडकून बसतं. वरून चाक दाबतं आणि अडकलेलं पाणी खडीवरचं डांबर सोडवतं. आपला पावसाळी खड्डा बऱ्याचदा असा तयार होतो. यात "डांबरच वाईट, काँक्रीट करा" म्हणण्यासारखं काही नाही. वाईट पद्धतीने केलेलं काँक्रीटही भेगाळतंच.

पण या संघटनांचं मला सगळ्यात आवडलेलं काम वेगळंच आहे. २००१ पासून त्यांची आघाडी दरवर्षी रस्त्यांना बक्षीस देते, आणि ते नव्या रस्त्याला मिळत नाही! रस्ता किमान ३५ वर्षांचा हवा, पायापासून कधी मोडलेला नसावा, आणि वरचा थर बदलण्याचं सरासरी अंतर १३ वर्षांपेक्षा कमी नसावं. कागदपत्रं ऑबर्नचे इंजिनियर तपासतात. बक्षीस जातं त्या रस्त्याच्या मालकाला, म्हणजे राज्याच्या किंवा गावाच्या रस्तेखात्याला. ही अर्थात जाहिरातच आहे. पण जुना रस्ता दाखवून केलेली जाहिरात खोटी करणं फार अवघड असतं.

हे वाचलं आणि जंगली महाराज रस्ता आठवला. पुणेकरांना गोष्ट पाठ आहे. श्रीकांत शिरोळे पुणे महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष असताना १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीला हे हॉट मिक्सचं काम दिलं गेलं, दहा वर्षांच्या हमीवर. हमी संपून गेली तरी रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांवाचून टिकला. आम्ही कॉलेजात असताना त्यावरून सायकली दामटल्या, पण खाली काय आहे हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ही गोष्ट आपण दर पावसाळ्यात एकमेकांना पाठवतो आणि हळहळतो. हळहळून रस्ते होत नाहीत. दहा वर्षांची हमी हा त्या गोष्टीचा गाभा आहे. हमी असली की थंड माल परत पाठवणं कंत्राटदारालाच परवडतं, साइटवरच्या पोराला शूर व्हावं लागत नाही.

मला १९९० मध्ये शूर व्हायला हवं होतं आणि मी झालो नाही. यात व्यवस्थेच्या मागे लपायचा विचार नाही, सही माझीच होती. पण दरवर्षी हजारो पोरं पास होऊन साइटवर जातात आणि प्रत्येकाने शूरच निघावं, अशा हिशोबाने रस्ते बांधता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांजोंग पगार रोडवर पट्टेसुद्धा मारून झाले होते. माणसं मॅक्सवेलच्या खाऊगल्लीत नाश्त्याला निघाली होती. पायाखाली काय बदललं याचा कुणाला पत्ता नव्हता. चांगल्या रस्त्याची खूणच ती.

आपल्याकडे रस्त्याचा सत्कार फीत कापायच्या दिवशी होतो. तो पस्तीस वर्षांनी करावा, आणि त्या दिवशी मोजमाप वहीतली नावं मोठ्याने वाचावीत. माझ्या त्या तालुक्याच्या रस्त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली आहेत. माझं नाव वाचलं जाईल तेव्हा समोर मास्तर बसलेले असतील, या विचाराने आजही घाम फुटतो. तो तेव्हा, थर्मामीटर हातात असताना फुटायला हवा होता.