दिनविशेष : १६ एप्रिल

१९२१ साली याच दिवशी टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. २०२४ मध्ये याच तारखेला गूगलच्या कर्मचाऱ्यांनी इस्रायल सरकारसोबतच्या ‘निंबस’ या क्लाउड-सेवेच्या कराराविरुद्ध न्यूयॉर्क आणि सनीव्हेलच्या कार्यालयांत ठिय्या दिला. नऊ जणांना अटक झाली, लगोलग २८ जणांची नोकरी गेली. करार संवेदनशील लष्करी कामांसाठी नाही, असे कंपनीचे म्हणणे. दोन्ही लढ्यांत फरक आहे: मुळशीच्या मावळ्यांची, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांची, जमीन तरी स्वतःची होती; गूगलचे कर्मचारी मात्र पगारदार. पगारदाराने पटत नसेल तर राजीनामा द्यावा, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण २०१८ मध्ये पेंटॅगॉनच्या ‘मेव्हन’ प्रकल्पातील गूगलच्या सहभागाविरुद्ध तिच्या हजारो कर्मचाऱ्यांनी नोकरीत राहूनच निषेधपत्रावर सह्या केल्या, तेव्हा गूगलने त्या प्रकल्पाचा करार पुढे वाढवला नाही. सगळेच मुकाट निघून गेले असते, तर हे दडपण आले असते का? मुळशीत मात्र सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट तुरुंगात गेले आणि धरणही झाले. त्याच मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आज आयटी पार्क आहे.